पहिल्या टाक्याची गोष्ट

नमाजाची जाळीची टोपी हातात आली की आपण तिची नक्षी बघतो, काठ बघतो, डोक्याला बसते का ते बघतो. माझी अम्मी टोपी उलटी करायची आणि आतून मधोमध बोट फिरवायची. जिथून विणकाम सुरू झालेलं असतं तिथे एक बारीकसं छिद्र असतं. ते मोठं वाटलं तर टोपी खाली ठेवायची. "सुरुवात सैल आहे," एवढंच म्हणायची. लहानपणी मला याचं नवल वाटे. एवढी मोठी टोपी, एवढी सुरेख जाळी, आणि ही बाई बघते काय, तर भोक!

मग एकदा माझ्या आपाने तिच्या हातची पहिली टोपी मला ईदला दिली. मध्यभागी छिद्र जवळजवळ नाहीच, इतकी घट्ट आणि देखणी सुरुवात. अम्मीही काही बोलली नाही. चार-पाच धुण्यांनंतर मात्र टोपी नेमकी तिथेच उसवली. काठ शाबूत, नक्षी शाबूत आणि टाळूवर रुपयाएवढी खिडकी. आपा रडली. अम्मीने टोपी उलटी केली, बघितलं आणि म्हणाली, "सुरुवात छान केलीस, पण शेपूट बांधलं नाहीस." त्या शेपटाची गोष्ट पुढे येईलच. आज मला बोलायचं आहे ते या सुरुवातीविषयी. क्रोशाच्या विणकामात ओळ कशी सुरू करायची, गोल कसा सुरू करायचा, हा प्रश्न वरवर अगदी किरकोळ वाटतो. पण त्याचा दोरा धरून मागे जाऊ लागलो, की दुष्काळ, छापखाना, परदेशी व्यापार आणि असंख्य निनावी बाया भेटतात.

ज्यांनी कधी क्रोशाची सुई हातात धरली नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ही सुई म्हणजे टोकाला आकडी असलेली काडी. एक दोरा आणि एक आकडी, एवढाच संसार. दोऱ्याच्या फासातून दुसरा फास ओढला की साखळीची एक कडी होते. कडीमागून कडी करत गेलं की साखळी होते. या साखळीवर मग टाके उभे राहतात. आपल्या बायकांनी त्यांना फार नेमकी नावं दिली आहेत. उंच टाका तो खांब, बुटका तो मुका खांब. इंग्रजीत या बुटक्या टाक्याला इंग्लंडमध्ये 'डबल' म्हणतात आणि अमेरिकेत त्यालाच 'सिंगल'. दोन देशांच्या पुस्तकांनी त्यापायी विणणाऱ्यांचा केवढा घोटाळा करून ठेवला आहे! आमच्या बायांनी वेढे मोजत बसण्याऐवजी टाक्याचं रूप बघितलं आणि खांब म्हटलं.

आता अडचण अशी, की खांब उभा करायचा तर सुई त्या उंचीवर असावी लागते. ओळ संपली, काम उलटं फिरवलं, की सुई असते तळाशी. म्हणून तीन साखळ्या घालून वर चढायचं आणि त्या तीन साखळ्यांनाच पहिला खांब मानायचं, अशी रीत पडली. पुस्तकात लिहिलेलं असतं, 'तीन साखळ्या म्हणजे एक खांब'. पण मानण्याने खांब होत नाही. साखळी बारीक, खांब जाड. त्यामुळे प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला, त्या खोट्या खांबाच्या आणि दुसऱ्या खऱ्या खांबाच्या मध्ये एक फट राहते. घरातला क्रोशाचा रुमाल उजेडात धरून बघा. कडेला त्या फटींची रांग दिसेल. गोल विणकामात तर ती फट केंद्रापासून काठापर्यंत, भिंतीला गेलेल्या तड्यासारखी चढत जाते.

ही रीत मुळापासूनच होती का? नव्हती, आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

क्रोशा आपल्याला आजीपणजीच्या काळापासूनचा, म्हणून फार प्राचीन वाटतो. प्रत्यक्षात तो बराच तरुण आहे. लिस पालुदान या डॅनिश संशोधिकेने युरोपातल्या क्रोशाचा कसून शोध घेतला. तिला इसवी सन १८०० च्या आधीचा खात्रीचा पुरावा सापडला नाही. तो आला कुठून, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. एक मत आपल्याला जवळचं आहे. कच्छ-गुजरातचे मोची चामडं शिवण्याच्या आकडीदार आरीसारख्याच बारीक आरीने कापडावर साखळीटाक्याचं भरतकाम करत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे भरतकाम ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून युरोपात जात असे. पुढच्या शतकात युरोपातल्या बायका गोल चौकटीवर कापड ताणून अशाच आकडीने भरतकाम करू लागल्या. मग कधीतरी कोणीतरी खालचं कापड काढून टाकलं आणि साखळी नुसत्या हवेत विणली, असं हे मत सांगतं. फ्रेंच भाषेत तिला हवेतला क्रोशा असंच म्हणत. 'क्रोशे' या फ्रेंच शब्दाचा अर्थही आकडीच. दुसरीकडे स्कॉटलंडमध्ये मेंढपाळांचं विणकाम म्हणून आकडीने जाड लोकरीची वस्त्रं करण्याची एक रीत होती. एलिझाबेथ ग्रँट या बाईंच्या आठवणींत १८१२ च्या संदर्भात तिचा उल्लेख येतो.

क्रोशाच्या कृतीचा पहिला ज्ञात छापील मजकूर १८२३ मधला. 'पेनेलोपे' नावाच्या डच मासिकात तो आला, आणि तो होता पैशाच्या बटव्यांचा. म्हणजे छापून आलेला पहिला क्रोशा हा रुमालाचा किंवा झालरीचा नव्हता. ती होती नाणी ठेवायची पिशवी. बटव्याच्या तळाशी भोक मोठं राहून कसं चालेल? नाणं पडायचं! सुरुवात घट्ट असण्याला तिथे रोकडा अर्थ होता.

त्यानंतरच्या, १८४० च्या दशकातल्या इंग्रजी पुस्तकांत एक गंमत दिसते. त्यांतल्या कितीतरी नमुन्यांत काम उलटं फिरवायचंच नसे. ओळ संपली की दोरा तोडायचा, पुन्हा उजव्या टोकाला यायचं आणि दोरा नव्याने जोडून पुढची ओळ सुरू करायची. त्यामुळे कापडाची सुलट बाजू सगळीकडे सारखी दिसे. पण याची किंमत होती. प्रत्येक ओळीला दोन शेपटं. पन्नास ओळींच्या कामाला शंभर टोकं, आणि ती एकेक करून आत दडवायची. ज्या बाईला वेळ आहे, दोरा आहे, दिवाणखान्यात बसून विणायचं आहे, तिचं हे काम. जिला या विणकामावर भाकरी कमवायची आहे, तिला ते परवडणारं नव्हतं.

आणि भाकरीसाठी विणायची वेळ लवकरच आली. १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला. बटाटा हेच तिथल्या गरिबांचं अन्न. पुढच्या सहा-सात वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं भुकेने आणि साथींनी मेली, तेवढीच देश सोडून गेली. त्या दुष्काळात क्रोशा हे पोट भरण्याचं साधन झालं. कॉर्क शहराजवळच्या ब्लॅकरॉक इथल्या अर्सुलाइन जोगिणींनी मुलींना क्रोशा शिकवला. उत्तरेकडे मोनॅहन परगण्यातल्या क्लोन्स गावी कॅसांड्रा हँड या धर्मोपदेशकाच्या पत्नीने १८४७ मध्ये शिकवणारी बाई आणून हे काम सुरू केलं. व्हेनिसची उठावदार लेस धनिकांत प्रिय होती, पण ती साध्या सुईने करायला महिनोन्‌महिने लागत. क्रोशाच्या आकडीने तशी दिसणारी लेस कितीतरी लवकर होऊ लागली. पाने, गुलाब, तीन पानांचा शॅमरॉक असे सुटे तुकडे विणायचे आणि ते जाळीने जोडायचे. एका घरात एकच फूल विणलं जाई, दुसऱ्या घरात पान. कुटुंबं आपापला नमुना जपत. जोडणाऱ्या बाया वेगळ्या.

या आयरिश फुलांची सुरुवात बघण्यासारखी आहे. साखळीचं कडं करून फूल सुरू केलं, तर मध्यभागी छिद्र राहतं आणि फूल लेचंपेचं होतं. म्हणून त्या बाया दोरा एखाद्या काडीवर आठ-दहा वेळा गुंडाळत, ते वेटोळं अलगद काढून घेत आणि त्याच्यावरूनच मुके खांब घालत. दोऱ्याचं वेटोळं आत झाकलं जाई आणि फुलाच्या पोटाला भक्कमपणा येई. पाकळ्यांनाही आतून जाड दोऱ्याचा आधार देत. विकणाऱ्याच्या हातात फूल गेलं, की त्याने ते दाबून बघितलं तरी ते उभं राहावं, अशी ही सुरुवात होती. तिच्यावर घरची चूल पेटत होती. ही युक्ती कुणाची? कुणाचंच नाव नाही.

नाव राहिलं ते पुस्तक काढणाऱ्यांचं. एलिओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर या बाईंनी १८४६ पासून क्रोशाची पुस्तकं काढायला सुरुवात केली आणि पुढे डझनांनी काढली. १८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात त्यांच्या कामाला पदक मिळालं. आयरिश क्रोशाच्या लेसचं श्रेय त्या स्वतःकडे घेत. त्यांचं काम मोठं आहे यात शंका नाही. हातातली कला कागदावर उतरवणं सोपं नसतं, हे माझ्यासारख्या कागद काळे करणाऱ्या माणसाला चांगलंच कळतं. पण कागदावर उतरताना काही गोष्टी गळतात. 'तीन साखळ्या म्हणजे एक खांब' हे वाक्य छापायला सोपं, मोजायला सोपं, शिकवायलाही सोपं. दोरा तोडावा लागत नाही, काम भराभर पुढे सरकतं. ते घराघरांत रुजलं ते याचमुळे. फट राहते, पण फट पुस्तकात दिसत नाही.

आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला त्याच १८४० च्या दशकात क्रोशा आपल्या देशातही आला. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर नावाचं गाव आहे. तिथे मिशनरी स्त्रियांनी ख्रिस्ती झालेल्या गरीब बायांना लेस विणायला शिकवलं. पुढे ही कला इतर जातींच्या, घराबाहेर न पडणाऱ्या बायांपर्यंत पोचली आणि तिचा मोठा निर्यात व्यापार झाला. मारिया मीस या जर्मन अभ्यासिका १९७८ च्या सुमारास तिथे जाऊन राहिल्या. त्यांचं 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर' हे पुस्तक १९८२ मध्ये आलं. त्यांना दिसलं ते असं. घरकाम उरकून बाया दिवसाचे सहा-आठ तास विणत होत्या आणि त्याचा मोबदला दिवसाला रुपयाही पडत नव्हता. दोरा व्यापाऱ्याचा, नमुना व्यापाऱ्याचा, नगावर हिशोब. कागदोपत्री मात्र त्या कामगार नव्हत्याच. त्या गृहिणी, आणि विणणं हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग! माल परदेशी जात होता आणि विणणारी कोण आहे हे घेणाऱ्याला कधी कळत नव्हतं.

नगावर पैसे मिळतात तिथे सुरुवातीला वेळ घालवणं म्हणजे तोटा. तरी सुरुवात वाईट झाली तर तुकडा परत येतो, तोही तोटाच. या दोहोंच्या मध्ये हात शिकतो. आयर्लंडच्या वेटोळ्यामागे आणि नरसापूरच्या फुलामागे हीच ओढाताण आहे. २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशे लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. गावाच्या नावाला मान मिळाला, ही आनंदाची गोष्ट. विणणारीच्या हाताला त्यातलं किती मिळतं, हा मारिया मीस यांचा प्रश्न मात्र विचारत राहायला हवा.

आपल्या मुंबईतही या कलेचं एक खास घर आहे. भेंडीबाजारात गेलात तर दाऊदी बोहरा पुरुषांच्या डोक्यावर पांढरी, सोनेरी पट्ट्याची टोपी दिसेल. ती क्रोशाचीच. बोहरी स्त्रिया घरोघरी ती विणतात. आधी माथ्याची गोल चकती, मग तिच्या कडेने उभी भिंत. चकतीची सुरुवात वाकडी गेली तर पुढचा सोनेरी पट्टा सरळ येत नाही. अशा टोपीत प्रत्येक फेरीला तीन साखळ्यांचा तडा चालणार नाही. म्हणून मुके खांब घालत गोगलगायीच्या शंखासारखं, फेरी न तोडता फिरत जायचं, हा टोपीसाठी जुना आणि सोपा उपाय. जिथे फेरीला सुरुवातच नाही तिथे फटही नाही.

मधल्या छिद्राचा प्रश्न जगभर पुन्हा चर्चेत आला तो जपानमुळे. तिथे क्रोशाची छोटी खेळणी विणतात, त्यांना अमिगुरुमी म्हणतात. ससा, अस्वल, मांजर, पोटात कापूस भरलेली. मधोमध छिद्र राहिलं तर त्यातून कापूस डोकावतो. म्हणून जपानी पुस्तकांत सुरुवात साखळीच्या कड्याने न करता दोऱ्याच्या फासाने करतात. दोरा बोटाभोवती गुंडाळायचा, त्या सैल कड्यात सहा मुके खांब घालायचे आणि मग दोऱ्याचं मोकळं टोक ओढायचं. कडं पिशवीच्या नाडीसारखं आवळतं आणि छिद्र नाहीसं होतं. या शतकाच्या सुरुवातीला ही खेळणी जगभर लोकप्रिय झाली आणि इंग्रजीत या सुरुवातीला जादूचं कडं असं नाव पडलं. जादू कसली? आयर्लंडमधल्या उपाशी बायांच्या वेटोळ्याचंच ते सुटसुटीत भावंड.

माझ्या आपाने टोपीला केलं होतं ते हेच. कुणाकडे बघून शिकली ठाऊक नाही, पण बोटावर दोरा गुंडाळून तिने कडं आवळलं होतं. चुकलं ते एवढंच, की आवळलेलं टोक तिने लगेच कापून टाकलं. नाडी ओढून गाठ न मारता सोडून दिली तर पिशवी उघडणारच. ते टोक सुईत ओवून कड्याच्या भोवती दोनदा फिरवायचं आणि मग उलट दिशेने परत आणायचं. एका दिशेने नेलेला दोरा धुण्यात सरकतो, उलट फिरवलेला अडकून बसतो. अम्मीचं शेपूट ते हेच. अम्मी स्वतः चार साखळ्यांच्या कड्यावर सुरुवात करी. छिद्र थोडं दिसे, पण तिची टोपी कधी उसवली नाही.

ओळीच्या सुरुवातीच्या फटीवरही आज विणणाऱ्या बाया निरनिराळे उपाय करतात. तीनऐवजी दोनच साखळ्या घालायच्या, म्हणजे फट अरुंद होते. किंवा साखळी घालायचीच नाही. पहिल्या टाक्यात एक मुका खांब घालायचा आणि त्याच्याच डाव्या पायात सुई घालून त्यावर दुसरा मुका खांब चढवायचा. दोन बुटके एकावर एक उभे राहिले की एका खांबाची उंची होते आणि जाडीही खऱ्या खांबासारखी भरते. फेरीत रंग बदलायचा असेल तर दोऱ्याचा फास आधीच सुईवर घेऊन, सरळ खराच खांब घालून सुरुवात करायची. हा शेवटचा उपाय म्हणजे १८४० च्या दशकातली ती दोरा तोडून नव्याने सुरू करण्याची रीतच. पावणेदोनशे वर्षांनी फिरून आपण तिथेच आलो. फरक इतकाच, की आता ती जिथे शोभते तिथेच वापरायची, हे शहाणपण आलं आहे.

तळाची साखळी घट्ट आणि वरची ओळ सैल, म्हणून कडा गोळा होते, ही अशीच आणखी एक जुनी तक्रार. तिच्यावर साखळी आणि तिच्यावरचा टाका एकाच वेळी विणत जाण्याचा उपाय निघाला आहे. पाया आणि भिंत बरोबरच उभी राहते, म्हणून कडा ताणली तर ताणते.

या सगळ्या युक्त्यांत नवं यंत्र नाही, महागडी वस्तू नाही. तीच आकडी, तोच दोरा. मिटलेल्या फटीमागे कुठल्यातरी बाईचा विचार आहे. ती भुकेली असेल, पडद्यात असेल, नगावर पैसे घेणारी असेल किंवा लेकराच्या खेळण्यातला कापूस बाहेर दिसू नये म्हणून धडपडणारी असेल. तिने आपलं काम इतकं नीट दडवलं, की ते केलं आहे हेच बघणाऱ्याला कळू नये. चांगल्या सुरुवातीचं लक्षणच ते. पण त्याचमुळे इतिहासानेही तिच्याकडे बघितलं नाही. काठ दिसला, नक्षी दिसली, पुस्तक काढणारीचं नाव दिसलं, व्यापाऱ्याचा शिक्का दिसला.

आपल्यापैकी अनेकांच्या घरात, कपाटाच्या तळाशी, आजीने किंवा मावशीने विणलेला एखादा क्रोशाचा रुमाल, एखादं तोरण, एखादी टोपी असेल. आज ती बाहेर काढा. नक्षी नंतर बघा. आधी ती उलटी करा आणि मध्यभागी बोट फिरवा. तिथे दोऱ्याचं एक लहानसं शेपूट मागे वळवून दडवलेलं हाताला लागेल. विणणारीने सही केली असेल, तर ती तिथे आहे.

आपाने दुसरी टोपी विणली ती त्याच उसवलेल्या दोऱ्याची. सुरुवात तिच्या पद्धतीने, शेपूट अम्मीच्या पद्धतीने. ती टोपी अजून माझ्याकडे आहे. काठ झिजला आहे, एका बाजूची जाळी फाटली आहे. मध्य मात्र जसाच्या तसा आहे.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)